प्रकरण अकरा : वाडग्याचं रान

निकाल अकरा वाजता होता. पावणेबारा झाले तरी पुकारा झाला नव्हता.

बबिता कोर्टाच्या व्हरांड्यात तिसऱ्या खांबाला खांदा लावून उभी होती. तीन वर्षांत एकतीस तारखा पडल्या आणि त्यांतल्या सव्वीस तिनं याच खांबापाशी काढल्या. नवरा सोमेश्वर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचा, तो मे महिन्यातच परत यायचा. कोर्ट काही मेंढरांच्या वेळापत्रकानं चालत नाही. म्हणून दावा सासऱ्यांचा, पण तारखा सुनेच्या, असं होऊन बसलं होतं.

"सोमाचा फोन?" सासऱ्यांनी, आश्रुबांनी, विचारलं. ते भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. ऐन उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी होतीच.

"आलता मामा. पहाटंच दिंद्रुड सोडलं म्हनले. चारच्या आत रानात येतेत."

"रानात येतेत का रानाच्या भाईर थांबतेत, ते आता ठरंल."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अमरसिंह फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता. त्याच्यामागं, जीपची किल्ली बोटात फिरवत, बबिताचा थोरला दीर सटवा उभा होता. प्रतिवादी क्रमांक एक आणि प्रतिवादी क्रमांक दोन. आश्रुबांनी पोटच्या थोरल्या लेकावर दावा लावला त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि तेवढ्या काळात बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे, सरळ बोलले नव्हते.

"लई ऊन हाय," आश्रुबा खांबाकडं बघून मोठ्यानं म्हणाले. "काही लोकांना जीपबिगर चालवत न्हाई आता."

"काही लोकांचं बीपी वाढलंय," सटवा किल्लीला म्हणाला. "तांब्याभर पानी प्यावं त्यांनी."

आश्रुबा पाणी प्याले नाहीत. पण थोड्या वेळानं बबितानं बाटली पुढं केली तेव्हा नकोही म्हणाले नाहीत.

भांडण सव्वादोन एकराचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी आश्रुबांनी बेचाळीस मेंढ्या विकून अमरसिंहाच्या वडलांकडून, विठ्ठलरावांकडून, ते रान रीतसर खरेदीखतानं घेतलं. मधोमध मेंढरं कोंडायचं काट्याकुपाट्यांचं वाडगं घातलं, शेजारी दगडी हौद बांधला. तेव्हापासून त्याला वाडग्याचं रान म्हणतात. सातबारा आश्रुबांच्या नावावर होता, त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. वाद ताब्याचा होता. सोलरची कंपनी या भागात जमिनी बघत फिरू लागली, तेव्हा अमरसिंहानं शंभराच्या स्टॅम्पवर एक कागद केला. त्यात लिहिलं होतं की मार्चच्या बारा तारखेला रानाचा प्रत्यक्ष ताबा अमरसिंहाला दिला. देणार म्हणून सही सटवाची होती. बदल्यात सटवाला कंपनीत चौकीदारी मिळणार होती; तोवर तो अमरसिंहाची जीप चालवायचा.

"लेकाच्या सहीनं बापाची जमीन जात नाही," ॲडव्होकेट स्वप्नाली पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. त्या तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि आश्रुबांना त्या शाळेतल्या बाई वाटल्या होत्या. "पण आपण मागतोय निरंतर मनाई. म्हणजे त्यांनी तुमच्या ताब्यात कधीच अडथळा आणायचा नाही, असा कायमचा हुकूम. त्यासाठी कोर्ट आधी एक गोष्ट बघणार. दावा लावला त्या दिवशी रान कुणाच्या ताब्यात होतं?"

"आमच्या."

"कशावरून?"

आणि इथंच गाडी अडली. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता, 'पड'. आश्रुबांनी त्या रानात कधी काही पेरलंच नव्हतं. मेंढरं सात महिने बाहेर, पाच महिने वाडग्यात, आणि लेंड्यांची नोंद तलाठी करत नाही. निशाणी पाचवर, म्हणजे दाव्यासोबत दिलेल्या अर्जावर, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला खरा, पण तो दाव्याच्या शेवटापर्यंतच टिकणारा होता. दावा फेटाळला गेला असता तर त्याच क्षणी तोही संपला असता.

मग जानेवारीत अमरसिंहाचा उलटतपास झाला. स्वप्नालीताईंनी अर्धा तास स्टॅम्पबद्दल विचारलं आणि मग अचानक म्हणाल्या,

"तुमच्या ज्वारीला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं ना?"

अमरसिंह खुलला. "सलग दोन साल."

"खत कुठलं वापरता?"

"मेंढरं बसवतो. गोणीतलं खत आमच्या रानात चालतच न्हाई. आमच्या वडलांपासनं रीत हाय, पेरणीच्या आधी पाच रात्री आश्रुबाची मेंढरं आमच्या रानात बसणार. मग आमी त्यास्नी वर्षाचं धान्य देणार."

"दावा लागला त्या वर्षीही बसवली?"

"एक साल चुकलं न्हाई. मेच्या शेवटच्या आठवड्यात बसवली."

"दिवसा मेंढरं कुठं असायची?"

"कुठं म्हंजी? बांधापल्याड. त्यांच्या वाडग्यात."

बोलून झाल्यावर त्याचा हात मिशीवरच थांबला. त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले होते. कागद म्हणत होता की मार्चमध्ये ताबा दिला, आणि अमरसिंह शपथेवर सांगत होता की मे संपता संपता वाडगं आश्रुबांचंच होतं. दावा सहा जूनला लागला होता.

खताचा प्रश्न वकीलबाईंना कुठून सुचला, हे बबितानं आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आश्रुबा विरुद्ध अमरसिंह व इतर एक!"

आश्रुबा उठले आणि त्यांनी घोंगडी नीट घेतली. आत पंखा फिरत होता आणि त्याच्या आवाजात न्यायाधीशांचे पहिले दोन-तीन शब्द गेले. उरलेलं मात्र बबिताला पुढं कायम पाठ राहिलं. दावा खर्चासह मंजूर. प्रतिवादी क्रमांक एक व दोन, त्यांचे नोकर आणि हस्तक यांना वादीच्या शांततामय ताब्यात व वहिवाटीत कोणत्याही प्रकारे हरकत-अडथळा करण्यास निरंतर मनाई करण्यात येते.

बाहेर आल्यावर आश्रुबांनी आधी घोंगडीनं तोंड पुसलं.

"आजपासनं?" त्यांनी विचारलं.

"आत्तापासून," स्वप्नालीताई हसत म्हणाल्या. आवाज मुद्दाम चढा होता, कारण व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत तो पोचायला हवा होता. "नक्कल आठ-दहा दिवसांनी मिळेल, पण हुकूम वाचला तेव्हाच लागू झाला. मोडला तर आपण दरखास्त लावायची. मग जप्ती, नाहीतर दिवाणी तुरुंग. ते अपील करू शकतात, पण अपील केलं म्हणून हुकूम थांबत नाही. वरच्या कोर्टानं स्थगिती दिली तरच."

"आन हे निरंतर म्हंजी किती वर्सं?"

"त्याला वर्षं नसतात आबा."

आश्रुबांनी मान डोलावली. मग बराच वेळ काठीच्या टोकानं फरशीच्या फटीतली माती उकरत राहिले.

"एक इचारू का बाई? समजा, एखाद्याला रानात बोलवायचं झालं, तर कोर्टाला अर्ज करावा लागतो का?"

"कुणाला?"

"कुणालाबी. एखादा माणूस धरून चाला."

स्वप्नालीताईंनी बबिताकडं पाहिलं. बबितानं पदर सारखा केला.

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हुकूम तुमच्या बाजूचा आहे. तुमच्या ताब्याला कुणी अडथळा करायचा नाही, एवढंच तो सांगतो. तुम्ही स्वतः बोलावलेला माणूस अडथळा होत नाही."

"मी आपलं इचारून ठिवलं," आश्रुबा म्हणाले.

*

जीप सिरसाळ्याच्या रस्त्याला लागली. अमरसिंहानं काच खाली केली.

"अपील करू."

"करा की," सटवा म्हणाला.

"तीस दिवस हायेत. तोवर तू घरी चल, मोठी ट्रॉली जोड आन वाडग्याच्या तोंडाला आडवी लाव. टायर पंक्चर झालं म्हणून सांगायचं. त्यांची मेंढरं आज येनार ना? दोन दिवस रस्त्यावर बसली की म्हातारा सोताहून बोलायला यील."

सटवानं गिअर बदलला. डाव्या हाताला उसाची खोडवी वाळून पडली होती.

"हुकूम वाचला तवाच लागला, दादा."

"नक्कल कुठं हाय?"

"नक्कल नसली तरी लागतो. मोडला तर दरखास्त हाय. जप्ती, न्हाईतर दिवाणी तुरुंग."

"ट्रॉली तू लावणार. मी न्हाई."

"हुकुमात नोकर आन हस्तक बी म्हनलंय. मी लावली तरी ती तुमीच लावली असं धरतेत. आन मी तर नावानिशी दोन नंबर हाय. दोघंबी जाऊ."

अमरसिंह त्याच्याकडं वळून बघू लागला. "वकील कवा झालास बे तू?"

"एकतीस तारखांना गाडी आणली की."

अमरसिंहाला हसू आलं. तो वाईट माणूस होता असं सटवाला कधी वाटलं नव्हतं. आजाऱ्याला मध्यरात्री गाडी देणारा, लग्नाला मांडव देणारा. फक्त जी गोष्ट बराच वेळ कुणी वापरताना दिसत नाही, ती आपली आहे असं त्याला वाटू लागायचं.

"मला एकच कळत न्हाई," अमरसिंह म्हणाला. "त्या पोरीला खताचं सुचलं कसं? ती शहरातली. मला वाटलं, कौतुकच करतीय."

सटवानं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

त्या कागदावर त्यानं वाचून सही केली होती. न वाचता केली, असं सांगायची सोय त्यानं स्वतःलाही ठेवली नव्हती. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, पोरांना एकाच शाळेत घालायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आबा चिडतील आणि मग निवळतील, असा त्याचा हिशेब होता. पण गेल्या वर्षी आबा साक्षीला उभे राहिले तेव्हा अमरसिंहाच्या वकिलांनी विचारलं, "सात महिने तुम्ही नसता, म्हणजे रान बेवारसच असतं ना?"  आबा त्या शब्दाकडं बघत राहावं तसे समोर बघत राहिले. सटवा दाराशी उभा होता. कोर्टानं मागूनही त्यानं कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, दिली नव्हती, तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी त्याला कळलं की गप्प राहणं पुरेसं नाही.

पुढच्या आठवड्यात सिरसाळ्याच्या बाजारात बबिता एक कोकरू घेऊन बसलेली दिसली. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं बोलायचं नाही, हे त्यांच्या घरात चुलीइतकं जुनं होतं. चौदा वर्षांत तो तिच्याशी थेट बोलला नव्हता. तो कोकराजवळ जाऊन बसला.

"मी सांगितलं," सटवा आता अमरसिंहाला म्हणाला.

"कुणाला?"

"कोकराला."

"आँ?"

"बाजारात एका कोकराला म्हनलो, अमरदादाच्या ज्वारीला पहिला नंबर कशानं आला ते त्यांना कोर्टात इचारलं, तरी लई खुशीनं सांगतेल. कोकरू बबितापशी होतं."

अमरसिंह सीटवर पूर्ण वळला.

"माझ्या पाठीत सुरी घातलीस बे."

"मी काय खोटं बोलाया न्हाई लावलं. तुमी खरंच बोललात."

सटवानं उतरून किल्ली बॉनेटवर ठेवली.

"चौकीदारी गेली तुझी," अमरसिंह आतून म्हणाला.

"गेली."

"इथून रान चार मैल हाय. उन्हानं मरशील."

"धनगराच्या पायाला चार मैल म्हंजी काय दादा."

तो पन्नास पावलं गेला असेल तेव्हा मागून जीप आली आणि त्याच्या शेजारी मंदावली. अमरसिंहानं खिडकीतून पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबली आणि धुरळा उडवत पुढं निघून गेला. फाट्यावर तो वळला; वाडग्याच्या दिशेला नाही, घराच्या दिशेला.

*

बबिताच्या सासूनं, रतनबाईनं, सकाळीच हौद घासून ठेवला होता. पाणी काठोकाठ भरलं होतं. वाडग्याच्या कुपाटीला जिथं जिथं भगदाड पडलं होतं तिथं तिनं नव्या काटेरी बोराट्या लावल्या होत्या, आणि दोन्ही हातांना ओरखडे उमटले होते. निकाल विरुद्ध गेला असता तर हे सगळं कुणासाठी केलं, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता. हौद घासायचा असतो, म्हणून घासला होता.

बांधावरून आधी बबिताचा आवाज आला.

"आत्या! जिकलो! समदं मंजूर!"

रतनबाई तिथंच खाली बसली. मग उठली, बबिताच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. आश्रुबा मागून आले आणि सरळ वाडग्यात शिरले. मधोमध उभं राहून त्यांनी पायानं माती खरवडली. वरचा थर काळा, भुसभुशीत, वीतभर जाड. त्याखाली मूळचा पांढुरका मुरूम. पन्नास वर्षांच्या लेंड्यांचा तो थर होता. त्यांनी मूठभर उचलली आणि पुन्हा तिथंच टाकली.

"पड म्हनत होते हिला," ते म्हणाले.

"आन सटवा?" रतनबाईनं विचारलं.

आश्रुबा पायानं माती सारखी करू लागले.

"आवं, मी काय इचारते? त्येचं काय झालं?"

"त्येलाबी मनाई हाय आत्या," बबिता हळू म्हणाली.

"म्हंजी माझ्या लेकानं ह्या रानात पाय ठिवायचा न्हाई? मरेस्तोर?"

"सही करताना त्येला आय आठवली न्हाई," आश्रुबा कुत्र्याला म्हणाले. चित्र्यानं शेपूट हलवली.

"कुत्र्याला कावून सांगताव? मला सांगा!"

बबितानं एकदा सासूकडं, एकदा सासऱ्यांकडं पाहिलं. चौदा वर्षांत सासऱ्यांना उलटून ती बोलली नव्हती. पण सव्वीस तारखा तिच्या होत्या.

"मामा, तुमी इचारलं न्हाई कधी, खताचं वकीलबाईंना कुणी सांगितलं ते."

"तूच सांगितलं आसशील."

"मला ठाऊक व्हतं का अमरदादा कोर्टात बी फुशारकी मारतेल म्हणून? त्यांच्या जीपवर रोज कोन बसतंय? त्यांचा सभाव कोनाला ठाऊक?" ती थांबली. "थोरले दादा बाजारात कोकरापशी बोलले. मी पदराआडून आयकलं आन पोचवलं. कुणाला सांगू नको, असं बी कोकरालाच म्हनले."

आश्रुबांची काठी मातीत रुतून राहिली.

"कंचं कोकरू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पांढऱ्या कानाचं. मी मग इकलंच न्हाई ते. आपल्यातच हाय."

तेवढ्यात चित्र्या उठला आणि कान टवकारून धावत सुटला. रस्त्यावर धूळ दिसत होती. आधी सामान लादलेली दोन घोडी, मग सोमेश्वरची शीळ, आणि मग एकमेकांत गुंतलेलं मेंढरांचं बेंबाटणं. बबितानं दोन्ही हात वर करून लांबूनच खूण केली. सोमेश्वरनं ती पाहिली, पागोटं काढलं आणि आभाळात भिरकावलं. ते एका मेंढीवर पडलं आणि तिथंच बसलं. रतनबाई रडता रडता हसली.

कळप वाडग्याच्या तोंडाशी येऊन थांबला. आत घेताना मोजायचं असतं. तोंडाच्या दोन बाजूंना आतून दोघं उभे राहतात, मधून एकेक मेंढरू सोडतात, आणि दोघांचे आकडे जुळले तरच कुपाटी लावतात. एकट्याची मोजणी या घरात कधी धरत नव्हते. उजवी बाजू आश्रुबांची. डावी तीन वर्षांपूर्वीपर्यंत सटवाची होती. त्यानंतर सोमेश्वर मागून मेंढरं हाकायचा आणि बबिता डावीकडं उभी राहायची. तिची मोजणी दर वेळी एक-दोननं चुकायची.

आश्रुबा उजवीकडं जाऊन उभे राहिले. बबिता डावीकडं निघाली आणि थबकली.

रस्त्याच्या बाजूनं सटवा येत होता. पायात चपला होत्या, हातात रिकामी बाटली, सदरा पाठीला चिकटलेला. तो बांधापर्यंत आला आणि तिथं थांबला. एक पाऊलही पुढं टाकलं नाही.

"ट्रॉली येणार न्हाई म्हणून सांगायला आलतो," तो बांधावरच्या बाभळीला म्हणाला. "एवढंच."

मेंढरं ओरडत होती. सोमेश्वर कळपामागं उभा राहून भावाकडं बघत होता आणि बापाकडं बघत होता. रतनबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

आश्रुबांनी चित्र्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं. कुत्र्यावरची नजर काढून त्यांनी सरळ लेकाकडं बघितलं.

"सटवा."

सटवाच्या हातातली बाटली खाली पडली.

"डावी बाजू मोकळी हाय," आश्रुबा म्हणाले.

"आबा, मला मनाई हाय. कोर्टानं नाव घेऊन सांगितलंय."

"आडवायला मनाई हाय. मोजायला न्हाई. मी वकीलबाईला इचारून आलोय."

सटवा बांध उतरला. वाडग्याच्या तोंडाशी त्यानं चपला काढल्या, आत शिरला आणि डाव्या बाजूला, त्याच्या जुन्या जागी उभा राहिला. त्याच्या टाचेखाली काळी माती दबली.

"सोड रं सोमा!" आश्रुबा ओरडले.

मेंढरं एकामागून एक आत येऊ लागली. बापलेकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दर विसाला दोघंही एक बोट दुमडत होते, एकाच वेळी. पांढऱ्या कानाचं कोकरू, आता चांगलं वाढलेलं, मधूनच आलं तेव्हा सटवाचा आकडा क्षणभर अडखळला आणि पुन्हा लागला. शेवटची म्हातारी मेंढी पागोट्यासकट आत गेली. सोमेश्वरनं कुपाटी ओढली.

"तुझी किती?" आश्रुबांनी विचारलं.

"एकशे त्र्याऐंशी."

"माझीबी," आश्रुबा म्हणाले.